सदतीस टक्क्यांवरचा व्हायरस

ज्या रविवारी आमच्या नातीचं बारसं होणार होतं, त्याच्या आधीच्या सोमवारी दुपारी आमच्या कंप्युटरनं मान टाकली. एकदम टाकली असती तर निदान कळलं असतं. त्यानं ती हळूहळू टाकली. पंधरा दिवस तो कण्हत होता, एक बटण दाबलं की विचारात पडत होता, आणि उत्तर द्यायचं लक्षात आलं तर देत होता. त्याच्या या वागण्यात मला थोडा मीच दिसायचो, म्हणून मी काही बोललो नव्हतो. मी उमरग्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. समुद्रातले प्रवाह शिकवायला घेतले की मी स्वतःच वाहत जातो आणि घंटा झाली की किनाऱ्याला लागतो. मुलांची तक्रार नसते. तीही तोवर झोपलेली असतात.

बारसं जर्मनीत होतं. लेक शिवप्रिया आणि जावई नंदीश तिकडं नोकरीला आहेत. तिकडचे सकाळचे अकरा म्हणजे इथले दुपारचे अडीच. तेव्हा पाळणा हलणार आणि आम्ही तो कंप्युटरच्या मोठ्या पडद्यावर बघणार, असं ठरलं होतं. मोठा पडदा हा माझा शब्द होता. आमच्या अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, चौऱ्याऐंशी वर्षं झाली आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं करू द्यायला ती तयार नाही. पणती झाल्यापासून फोनवर तिला चार वेळा दाखवली. त्यात तिला दोनदा पांढरं छत दिसलं, एकदा जावयाचा अंगठा आणि एकदा काहीच नाही. प्रत्येक वेळी ती "ग्वाड हाय" म्हणाली. अंगठ्यालाही म्हणाली. तेव्हा मला फार वाईट वाटलं आणि मी सगळ्यांसमोर शब्द दिला, की अव्वा, बारशाला तुला लेकराचं तोंड ताटाएवढं दाखवतो.

बारसं ठरलं त्या दुपारी अव्वा कंप्युटरच्या टेबलाशी बराच वेळ उभी होती. डब्याच्या वरच्या अंगाला जाळी आहे, तिच्यावर हात ठेवून म्हणाली, "महांतू, ह्याच्यात घातलेलं तिकडं पोचतंय का रे?"

ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाऊन मी आडवा झालो होतो. कूलर गुरगुरत होता. डोळे न उघडता मी म्हणालो, "पोचतंय की अव्वा. इथं घातलं की पापणी लवायच्या आत जर्मनीत."

"समदं?"

"समदं."

"बरं हाय बाबा," म्हणून ती गेली आणि मी झोपलो.

आता त्या सोमवारकडं येतो. कंप्युटर बंद पडला, पुन्हा लावला, पुन्हा बंद पडला. माझी बायको श्रीदेवी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मी चाळीस माणसांला आवतन दिलंय." मी म्हणालो, रविवारला वेळ आहे. ती म्हणाली, "शनिवारी घुगऱ्याचे हरभरे भिजत घालणार हाय. हरभरे भिजले की मागं फिरता येत न्हाय, सांगून ठेवते."

हेडमास्तरांना फोन करून शाळेतला एखादा कंप्युटर दोन दिवसांसाठी मागितला. ते तिरुपतीला रांगेत उभे होते. रांगेतूनच म्हणाले, की अर्ज करा, तो शालेय समितीपुढं ठेवू, समितीची बैठक सुट्टी संपल्यावर आहे. बालाजीच्या दारात उभा असलेला माणूस इतकं कोरडं बोलू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

शेजारी दत्तोपंत राहतात. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत, मूळचे तुळजापूरचे. त्यांना आजवर कोणी सल्ला विचारलेला नाही, कारण तशी वेळच ते येऊ देत नाहीत. कंपाउंडवरून डोकावून म्हणाले, "सर, व्हायरस हाय. दुरुस्तीवाल्याकडं न्हेऊ नका, तो आणखी दोन घालून परत देतो. नेटवर फुकट तपासणी मिळते. फुकट."

मग मी फुकटच्या वाटेला लागलो. एका साइटवर निळी ढाल होती आणि खाली लिहिलं होतं, की दोन मिनिटांत मोफत तपासणी. त्याआधी मी यंत्र नसून माणूस आहे, हे सिद्ध करायचं होतं. नऊ चित्रं आली. त्यांतली आग विझवायच्या नळाची चित्रं निवडा म्हणे. लाल रंगाचा, रस्त्याकडेला उभा असलेला तो बुटका नळ मी जन्मात पाहिलेला नाही. आमच्याकडं आग लागली तर माणसं घागरी घेऊन पळतात. तीन वेळा मी चुकलो आणि तीन वेळा मी माणूस नाही असं ठरलं. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे लागतं.

चौथ्यांदा जमलं. पुढं खातं उघडायचं होतं आणि त्यात एक गुप्त प्रश्न होता, की तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय. आमच्याकडं म्हैस होती. तिला पाळीव म्हणावं का, यावर मी फार वेळ विचार केला. पाळली आम्हीच होती, पण घर तिच्यावर चाललं होतं. ती संध्याकाळी आपली आपण परत यायची आणि अव्वा दारात उभी राहून तिच्याशी कानडीत बोलायची, ते आठवत बसलो. तेवढ्यात वेळ संपल्याची पाटी आली आणि पुन्हा आग विझवायच्या नळापासून सुरुवात करावी लागली.

अखेर तपासणी सुरू झाली. खरं सांगायचं तर इतकं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि तिच्याखाली कंप्युटरमधल्या एकेका फायलीचं नाव येत होतं, जात होतं. आपण काय काय साठवलंय, हे माणसाला कुठं माहीत असतं? सहामाहीची प्रश्नपत्रिका गेली. घराचा नकाशा गेला, त्यात आम्ही न बांधलेला वरचा मजला होता. मग फोटोंचा कप्पा आला आणि शिवप्रिया सुरू झाली. शिवप्रिया पहिला दात. शिवप्रिया बालवाडी. नळदुर्ग सहल. शिवप्रिया सायकल, शिवप्रिया सायकल पडली. फोटो दिसत नव्हते, नुसती नावं. पण मला सगळं दिसत होतं. नळदुर्गला किल्ल्यातून पाणी कोसळत होतं आणि ती माझा सदरा घट्ट धरून म्हणाली होती, "अप्पा, हे पाणी रात्री कोण बंद करतं?"

सातवी, आठवी, नववी गेली. शिवप्रिया दहावी निरोप समारंभ, असं नाव आलं, पट्टी सदतीस टक्क्यांवर होती, आणि कंप्युटर खटकन बंद पडला.

मंगळवारी पुन्हा लावला. पहिला दात, बालवाडी, नळदुर्ग, सायकल, दहावी, सदतीस टक्के, अंधार. बुधवारीही तेच. आईची अंजिरी साडी नेसून पोरगी निरोप समारंभाला निघायची आणि दारातच दिवे जायचे. त्याच्यापुढं ती पुण्याला कॉलेजला गेली होती, मग नोकरी, मग लग्न, मग विमान. तिथवर आमची तपासणी कधी पोचलीच नाही.

दत्तोपंतांनी सगळं ऐकून घेतलं. "एका ढालीनं काय होतंय सर? तीन टाका. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसरा धरतो. आम्ही कचेरीत एका दाखल्यावर तीन सह्या घ्यायचो, ते काय उगंच?"

म्हणून मी तीन टाकल्या. निळी ढाल, लाल ढाल आणि एक पिवळी, तिच्यावर वाघ होता. निळीनं लालला चोर म्हटलं. लालनं वाघाला कोंडून ठेवलं. वाघानं आतूनच जाहीर केलं, की निळी ढाल अत्यंत धोकादायक असून तिला ताबडतोब काढून टाका. शेवटी तिघांनी मिळून माझ्या कंप्युटरात एक हजार आठशे सत्तेचाळीस धोके असल्याचं सांगितलं. ते दाखवणं फुकट होतं, काढायला पैसे पडणार होते. दत्तोपंत म्हणाले, "दाखल्याचंबी असंच असायचं." ते कौतुकानं म्हणाले की कसं, हे मला कळलं नाही.

मग मी झाडू आणला. म्हणजे हिरव्या झाडूचं चित्र असलेला एक फुकटचा सफाईवाला. त्यानं आल्या आल्या सांगितलं, की तुमच्या कंप्युटरातला बराचसा भाग निरुपयोगी आहे. त्यात माझी 'मराठवाड्यातील नद्या : एक चिंतन' ही अर्धवट राहिलेली लेखमाला होती. सलग पाच वर्षं उघडली नाही म्हणून ती कचरा ठरली होती. मी झाडूला नाही म्हटलं. त्यानं विचारलं, खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, पुन्हा विचार करा. इतका उद्धटपणा आमच्या शाळेत शिपायानंही कधी केला नाही.

झाडूकडं आणखी एक सोय होती, विस्कटलेली माहिती ओळीनं लावायची. पडद्यावर छोटे रंगीत चौकोन आले आणि आपापल्या जागी सरकू लागले. निळा निळ्याजवळ, पिवळा पिवळ्याजवळ. ते बघता बघता माझा डोळा लागला. स्वप्नात मी त्या चौकोनांवरून चालत होतो. प्रत्येक चौकोन म्हणजे एक दिवस होता आणि पायाला ऊन लागत होतं. पुढं शिवप्रिया उभी होती, अंजिरी साडीत. म्हणाली, "अप्पा, पुढं जाऊ का?" मी म्हणालो, "थांब की जरा." आणि खटकन आवाज झाला. जागा होऊन बघतो तर पडदा काळा.

तेव्हा माझ्या मनात एक चमत्कारिक शंका आली, की व्हायरस बहुतेक मीच आहे. सदतीस टक्क्यांच्या पुढं जायला मीच तयार नाही आणि यंत्राला ते कळलंय. ही शंका मी कुणाला सांगितली नाही. दत्तोपंतांना तर नाहीच, त्यांनी माझ्यावरही तीन ढाली बसवल्या असत्या.

या सगळ्या दिवसांत अव्वा रोज सकाळी एकच विचारायची, "दिसंल का रे लेकरू?" आणि मी रोज म्हणायचो, "दिसंल." गुरुवारी मात्र मला "दिसंल" म्हणता आलं नाही. मी पेपरात तोंड घातलं. ती म्हणाली, "बरं, फोनवर बघू. मला अंगठा बी चालतोय." तो पेपर मी नंतर तासभर तसाच धरून बसलो होतो.

शुक्रवारी दत्तोपंत कंप्युटरचा पंचनामा करायला कागद घेऊन आले. श्रीदेवीनं त्यांना चहा दिला, कागद काढून घेतला आणि मला न विचारता फोन लावला. तासाभरात स्कूटीवरून महेश्वरी आली. बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं तिचं दुकान आहे, कंप्युटरची दुरुस्तीही करते. माझी जुनी विद्यार्थिनी.

"सर, ओळखलं का? भूगोलात पस्तीस दिले होते तुम्ही मला."

"तुझा नकाशा चुकला होता," मी म्हणालो.

"व्हय सर, हिमालय खाली गेला होता," ती म्हणाली आणि पिशवीतून एक स्क्रूड्रायव्हर आणि भिंती रंगवायचा छोटा ब्रश काढला. मी तिला तीन ढाली, झाडू, एक हजार आठशे सत्तेचाळीस धोके आणि सदतीस टक्के, असं सगळं क्रमवार सांगितलं. तिनं ते अदबीनं ऐकलं. मग डब्याला हात लावून बघितला. "तापलाय की हो. सर, उघडून बघितला का?"

उघडून? पाच दिवस मी आत बघत होतो, पण झाकण काढून बघावं हे काही डोक्यात आलं नव्हतं.

तिनं झाकण काढलं. आत पांढुरकी राख होती. तारांवर राख, पट्ट्यांवर राख आणि मधला छोटा पंखा राखेत रुतून बसलेला. "पंखा फिरत न्हाय. म्हणून तापतोय आणि तापला की जीव वाचवायला आपला आपण बंद पडतोय," महेश्वरी म्हणाली. "तपासणी लावली की त्याला जास्त काम पडतं, म्हणून लवकर तापतोय. दर वेळी तेवढीच मिनिटं धरतोय बिचारा. व्हायरस-बियरस काय न्हाय." मग तिनं चिमूटभर राख बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि माझ्याकडं बघितलं. "सर, विभूती हाय ही."

मी श्रीदेवीकडं बघितलं. दसऱ्याला ती फ्रीजपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांना विभूतीची बोटं ओढते, मला ओढायच्या आधी. "माझ्याकडं बघू नका," ती कडाडली. "मी वर्षातून एकदा लावते आणि ती बी बाहेरून. मिक्सरला बी लावते, तो कुठं बंद पडलाय?"

दत्तोपंत म्हणाले, "आता पंचनामा करावाच लागंल."

तेवढ्यात खाटेवरून अव्वाचा आवाज आला. "म्या घातली."

सगळे वळले. अव्वा उठून बसली होती.

"रोज पूजा झाल्यावर घालत हुते. तुमी समदे झोपल्यालं आसताव, ही नळावर आसती. या घरातल्या लेकराला पयली इबूत म्हातारीच्या हातची लागती. तुला माझ्या सासूनं लावली. शिवप्रियाला म्या लावली. आता ह्या पणतीला कोन लावायचं?" ती माझ्याकडं बघत म्हणाली, "मला दिसत न्हाय नीट, म्हून मूठभर घालत हुते. कुटंतरी लागंल म्हनलं. तू म्हनलास, समदं पोचतंय."

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. भिंतीवर जगाचा नकाशा होता, मी त्याच्याकडं बघायला लागलो.

महेश्वरीनं ब्रशनं राख पेपरवर पाडली होती, तिचा चांगला ढीग झाला होता. अव्वा काठी टेकत आली, वाकली आणि तिनं तो ढीग हातानं चाचपून बघितला.

"समदी हितंच ऱ्हायली व्हय?" ती हळूच म्हणाली. "येक चिमूट बी गेली न्हाय?"

मला रडू आलं. खोटं का सांगू, आलं. सव्वीस वर्षं मी पोरांना जग केवढं मोठं आहे ते शिकवत आलो होतो, पण ते एवढं लांबचं आहे हे मला त्या पेपरवरच्या ढिगाकडं बघून कळलं. महेश्वरीनं ती राख गोळा करून कागदाची पुडी बांधली आणि अव्वाच्या हातात ठेवली. म्हणाली, "आज्जी, ही टाकायची न्हाय. पंखा फिरू दे, मग बघू." मी मनातल्या मनात तिचे पस्तीसाचे पंचेचाळीस केले.

तीन ढाली काढल्या, झाडू काढला. पंखा एकदा घरघरला आणि मग गुपचूप फिरू लागला. जाताना महेश्वरीनं एक शेवटची तपासणी लावून दिली. मी खुर्चीत बसलो. पहिला दात गेला, नळदुर्ग गेलं, सायकल गेली. निरोप समारंभ आला. मी खुर्चीचा हात धरला. पट्टी अडतीसवर गेली.

शिवप्रिया पुणे होस्टेल. शिवप्रिया पहिला पगार. शिवप्रिया हळद. शिवप्रिया विमानतळ. एकेक नाव सावकाश येत होतं आणि पुढं सरकत होतं. मी कुठंच थांब म्हणालो नाही. शंभर टक्के झाले. धोके, शून्य.

रविवारी दोनपासूनच माणसं जमली. घुगऱ्यांची परात मधोमध होती. दत्तोपंतांनी खुर्च्यांना क्रमांक दिले होते, त्यामुळं कुणीही आपल्या जागेवर बसलं नव्हतं. अव्वाची खुर्ची पडद्याच्या पुढ्यात. तिनं नवं इरकल लुगडं नेसलं होतं आणि एक मूठ घट्ट मिटलेली होती. बरोबर अडीचला पडदा उजळला, आधी नंदीशचा अंगठा आला, मग तो बाजूला झाला आणि लेकराचं तोंड आलं. ताटाएवढं.

अव्वानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कितीतरी वेळ ती नुसती बघत होती. मग म्हणाली, "हनवटी माझी हाय." तिकडून शिवप्रिया म्हणाली, "व्हय अज्जी, तुझीच हाय."

अव्वा उठली. मूठ उघडली, पुडी सोडली. श्रीदेवी अडवायला पुढं झाली, मी तिचा हात धरला. अव्वानं तीन बोटं विभूतीत बुडवली, डाव्या हातानं पडद्याची कड चाचपली आणि त्या मोठ्या, उजळलेल्या कपाळावर डावीकडून उजवीकडं तीन बोटं सावकाश ओढली. काचेवर तीन पांढरे पट्टे उमटले. थोडी राख खाली ओघळली आणि लेकराच्या नाकावरून गेली.

पाळण्यात लेकरानं डोळे मिटले, नाक आक्रसलं आणि त्याला सणसणीत शिंक आली.

अव्वा माझ्याकडं वळली. "पोचली," म्हणाली.